एका गायरानाची सहल

परदेशची सहल आखणं हे लग्न जमवण्याइतकंच जोखमीचं काम आहे. दोन्हीकडे स्थळं बघावी लागतात, दोन्हीकडे खर्चाचा अंदाज हमखास कोलमडतो, आणि दोन्हीकडे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप चाललेला असतो त्यांना सोडून बाकी सगळ्यांना त्यातलं सगळं कळत असतं. त्यातही गोल्फची सहल म्हणजे मंगळाची पत्रिका. नुसतं स्थळ चांगलं असून भागत नाही. खेळणाऱ्याला मैदान मिळालं पाहिजे, न खेळणाऱ्याला बघायला काहीतरी पाहिजे, आणि दिवसभर चेंडूमागे हिंडून आलेल्या माणसाला पाठ टेकायला परवडेल अशी जागा पाहिजे. हे तिन्ही ग्रह एका राशीला आणायचे म्हणजे घरात एखादा ज्योतिषी तरी हवा, नाहीतर एखादा रिकामा माणूस तरी. आमच्या घरात ज्योतिषी कुणी नाही. तेव्हा काम माझ्याकडे आलं.

सहल होती आमच्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात पाटबंधारे खात्यात काढलेली. निवृत्तीनंतर माणसं गीता, बागकाम किंवा होमिओपॅथी यांपैकी एखाद्या मार्गाला लागतात; दाजी गोल्फला लागले. आयुष्यभर त्यांनी पाणी अडवलं, आता पाणी त्यांचा चेंडू अडवतं. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, लीड्सहून "तिकिटांचं मी बघतो" असं म्हटल्याबरोबर दाजींनी जाहीर करून टाकलं, "खेळायचं तर सेंट अँड्र्यूजला!" वारकऱ्याला पंढरपूर तसं गोल्फवाल्याला स्कॉटलंडमधलं हे गाव.

"आणि मी तिथे काय करू?" ताईनं विचारलं. "तुमच्या काठ्या मोजत बसू?"

काठ्या मोजणं फारसं अवघड नाही. १९३९ पासून तिथला नियमच आहे की खेळाडूनं जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगाव्यात. त्याआधी काही लोक पंचवीस-पंचवीस घेऊन निघायचे आणि त्यांचं ओझं वाहणाऱ्या पोराचं कंबरडं मोडायचं. ताईचं म्हणणं असं, की चौदा विद्यांपैकी एकही धड न येणाऱ्या माणसाला चौदा काठ्या कशाला हव्यात? दाजी म्हणतात, प्रत्येकीचं काम वेगळं आहे. त्यातली चौदावं रत्न कोणती ते वेळ आल्यावर ताई ठरवेल.

माझी निवड झाली ती मी शाळेत इतिहास शिकवला म्हणून. इतिहास शिकवणाऱ्याला जगातले सगळे रस्ते ठाऊक असतात असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. मी एक कोरी वही घेतली आणि तीन रकाने पाडले: खेळ, प्रेक्षणीय स्थळं, मुक्काम. आणि मास्तरकीच्या सवयीनं पहिल्या रकान्याच्या डोक्यावर सनावळी लिहायला लागलो.

पहिलीच सनावळ निघाली बंदीची. १४५७ साली स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटनं फर्मान काढलं, की फुटबॉल आणि गोल्फ हे खेळ बंद. का, तर लोकांनी धनुर्विद्येचा सराव करायचा सोडून चेंडू बडवत बसू नये. उद्या इंग्रज चालून आले तर त्यांना काय काठीनं टोलवणार? १४७१ साली पुन्हा बंदी, १४९१ साली पुन्हा बंदी. एकाच गोष्टीवर तीन-तीनदा बंदी येते याचा अर्थ शाळेत वर्षं काढलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. पोरं ऐकत नव्हती! शेवटी १५०२ साली चौथ्या जेम्सनं इंग्लंडशी तह केला आणि त्याच वर्षी पर्थ गावच्या एका कारागिराकडून स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. कारागीर कोण? धनुष्यं करणारा. धनुष्याचा धंदा बसल्यावर बिचाऱ्यानं दुसरं काय करायचं!

पण हे सगळं देशाचं झालं. गावाचा इतिहास चालू होतो सशांपासून.

सेंट अँड्र्यूजच्या समुद्राकाठी एक लांबलचक रेताड पट्टा आहे. असल्या जमिनीला तिकडे लिंक्स म्हणतात. नांगराला उपयोग नाही, झाड टिकत नाही, खारा वारा अंगावर घेत खुरटं गवत तेवढं तगतं. आपल्याकडच्या माणसाला एका शब्दात सांगायचं तर गायरान. गावची गुरं तिथे चरत, बायका ओढ्यावर कपडे धूत आणि झुडपांवर वाळत घालत, कोळी जाळी पसरत, आणि उरलेल्या जागेत माणसं काठीनं चेंडू मारत मारत गल गाठायची. आपल्या गोट्यांत असते तशीच गल, फक्त एका गलीपासून दुसरीपर्यंत दोन-दोन फर्लांग चालायचं. १५५२ साली तिथल्या आर्चबिशप जॉन हॅमिल्टनला या पट्ट्यात ससे पाळायचे होते. त्यासाठी त्यानं गावाशी कागद केला. त्यात लिहून दिलं, की ससे माझे, पण या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा, फुटबॉल खेळण्याचा, नेमबाजी करण्याचा गावकऱ्यांचा हक्क कायम. जगातल्या सगळ्यात नामांकित गोल्फच्या मैदानाची सनद म्हणजे मुळात असा हा सशांचा करारनामा. आर्चबिशपचं पुढे काही बरं झालं नाही. राजकारणाच्या धामधुमीत १५७१ साली त्याला फासावर चढवलं. कागद मात्र राहिला.

मी हे दाजींना सांगत होतो. दाजींचा जीव दुसरीकडेच. "ते ससे राहू देत. मैदानाचं बुकिंग कसं करायचं ते सांग. तिथल्या कमिटीवर कुणाची ओळख निघते का बघ."

दाजींच्या पिढीचा ओळखीवर गाढ विश्वास. सिमेंटपासून शाळाप्रवेशापर्यंत ज्यांनी सगळं ओळखीवर मिळवलं, त्यांना ओळखीशिवाय मिळालेली वस्तू चोरीची वाटते. पण तिथे पंचाईत अशी आहे, की या मैदानावरच्या, ज्याला ओल्ड कोर्स म्हणतात, बऱ्याचशा वेळा रोजच्या रोज सोडत काढून वाटतात. दोन दिवस आधी नाव द्यायचं, चिठ्ठी निघाली तर खेळायचं. तुम्ही अमेरिकेतले कोट्यधीश असा नाहीतर नाशिकचे निवृत्त कार्यकारी अभियंता असा, खेळ येत असल्याचं हँडिकॅपचं प्रमाणपत्र दाखवलं की दोघं एकाच डब्यात. काही वेळा आगाऊही मिळतात, पण त्यासाठी बरेच महिने आधी हालचाल करावी लागते आणि दाजींनी घोषणा केली होती गेल्या आठवड्यात. एकट्या खेळाडूंसाठी २०२४ पर्यंत आणखीच वेगळी रीत होती. मध्यरात्र उलटली की लोक पथाऱ्या टाकून रांगेत बसायचे आणि उजाडल्यावर जिथे जागा असेल तिथे त्यांना घुसवायचे. आता त्यांचीही सोडत निघते. रॉकेलच्या आणि रेशनच्या रांगांत तयार झालेल्या आमच्या पिढीला जगात नाव काढायची एक संधी होती, तीही गेली.

"म्हणजे तीनशेच्या वर पौंड मोजायचे, एवढे समुद्र ओलांडून जायचं, आणि वर चिठ्ठी?" दाजींना हे अजिबात पटलं नाही. "मालक कोण आहे त्या मैदानाचा?"

हा प्रश्न खरा. आणि उत्तर शोधताना माझी वही भरत गेली, कारण दाजींच्या आधी हाच प्रश्न गावानं शे-दोनशे वर्षं लढवला आहे.

आपला समज असा, की गोल्फ म्हणजे साहेबलोकांचं काम. तेव्हा मैदानही क्लबाचंच असणार. क्लब तिथे आहे. १७५४ साली बावीस उमरावांनी आणि प्रतिष्ठितांनी मंडळी स्थापन केली, १८३४ साली राजानं तिला 'रॉयल अँड एन्शंट' अशी पदवी दिली. त्यांनी मैदानाच्या तोंडाशी भक्कम दगडी इमारत बांधली, जगभराचे नियम केले. सुरुवातीला तिथे बावीस गली खेळायचे. १७६४ साली काही गली एकत्र करून त्यांनी अठरा केल्या आणि पुढे सगळं जग अठरा खेळायला लागलं. पण पायाखालचं गवत त्यांचं नव्हतं. ते गावाचं.

आणि गाव होतं कर्जबाजारी. १७९७ साली नगरपालिकेचं दिवाळं निघालं आणि तिनं गायरान विकायला काढलं. आपल्याकडे 'गायरान' म्हटलं की पुढचं वाक्य 'अतिक्रमण' या शब्दानं सुरू होतं. तिथेही तेच झालं, फक्त अतिक्रमण सशांनी केलं. जमीन डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. त्यांनी मांसासाठी आणि कातड्यांसाठी ससे सोडले. सशांची पैदास कशी होते ते सांगायला नको. बघता बघता मैदानभर बिळं. माणूस मोठ्या कष्टानं चेंडू गलीजवळ आणणार आणि तो सशाच्या घरात जाणार! खेळणारे कोर्टात गेले. कज्जा एडिंबरोहून लंडनला थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला. कोर्टाच्या तारखा पडत होत्या तोवर गावात हाणामाऱ्याही झाल्या, ससे मारले गेले, डोकी फुटली. वीसेक वर्षं हे चाललं. शेवटी १८२१ साली शेजारच्या इस्टेटीच्या जेम्स चीप नावाच्या जमीनदारानं ती जमीन विकत घेऊन सशांना रजा दिली. तो स्वतः गोल्फ खेळायचा.

तरी गावाची चिंता संपली नाही. आजचा जमीनदार भला, उद्याचा कोण असेल? म्हणून १८९४ साली पार्लमेंटचा खास कायदा होऊन लिंक्स पुन्हा गावाच्या ताब्यात आली. १९४६ पर्यंत गावकऱ्यांना इथे खेळायला दमडी पडत नव्हती. पुढे स्थानिक कारभाराची फेररचना होऊन नगरपालिकाच जाणार असं दिसलं, तेव्हा १९७४ साली आणखी एक कायदा करून विश्वस्त मंडळ नेमलं. आज तिथे सात मैदानं आहेत, सगळी सार्वजनिक. त्यांतल्या १८९५ सालच्या मैदानाचं नाव न्यू कोर्स! पुण्यात शंभरी ओलांडलेल्या पुलाला अजून नवा पूल म्हणतात, त्यातलाच प्रकार. दाजींची ओल्डची चिठ्ठी निघाली नाही तर त्यांनी न्यूवर खेळावं, असं मी पहिल्या रकान्यात लिहून ठेवलं.

"मालक गाव आहे," मी दाजींना सांगितलं. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या धरणाच्या वरच्या अंगाला असंच एक गायरान होतं." पुढे काही बोलले नाहीत. त्याचं काय झालं ते मीही विचारलं नाही.

दुसरा रकाना मुक्कामाचा करू, म्हणून बघायला गेलो तर तिथेही इतिहासच. मुळात समुद्राकाठच्या आडगावात बाहेरची माणसं चेंडू मारायला यायला लागली कशी? याला कारणं दोन: एक झाडाचा चीक आणि दुसरी आगगाडी.

पूर्वी गोल्फचा चेंडू म्हणजे कातड्याच्या पिशवीत हॅटभर पिसं ठासून शिवलेला. कसबी कारागिराला दिवसाला तीन-चारच जमायचे, किंमत भारी, आणि पावसात भिजला की त्याची भजी व्हायची. अशात १८४० नंतर पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती सेंट अँड्र्यूजला आली, अशी गोष्ट सांगतात. वाटेत मूर्तीला धक्का लागू नये म्हणून पेटीत मलायातल्या झाडाच्या चिकाचे, म्हणजे गटापर्चाचे, तुकडे भरले होते. तिथल्या पॅटरसन नावाच्या विद्यार्थ्यानं ते तुकडे गरम पाण्यात मऊ करून वळले आणि चेंडू केला. गोष्ट खरी असो नसो, १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू खेळात आला, हे खरं. स्वस्त, टणक, आणि पाण्यात न भिजणारा.

"बघा!" ताई म्हणाली. "देव ठेवला बाजूला आणि पेटीतल्या भरतीची पूजा मांडली."

या चेंडूनं गावात भांडणंही लावली. अ‍ॅलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूंचा मोठा कारागीर. त्याला हा चेंडू डोळ्यांसमोर नको. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस एक दिवस नेमका तोच चेंडू खेळताना सापडला. झालं, दोघांचं बिनसलं, आणि टॉम १८५१ साली गाव सोडून प्रेस्टविकला गेला. तिथेच १८६० साली पहिली ओपन स्पर्धा झाली. खेळाडू होते आठ. पुढे टॉमनं ती चार वेळा जिंकली आणि त्याला मानानं परत बोलावून मैदानाची देखभाल सोपवली.

चेंडू स्वस्त झाला आणि लगोलग १८५२ साली गावात रेल्वे आली. मग काय! एडिंबरो-ग्लासगोचे वकील, व्यापारी, कारकून सुट्टीत पेटारे घेऊन उतरायला लागले. रेल्वे कंपन्यांच्या लक्षात आलं, की माणसाला नुसतं तिकीट विकण्यापेक्षा त्याला जायला एक जागाच बांधून दिली तर? त्यांनी रुळांच्या टोकाशी हॉटेलं बांधली आणि हॉटेलांच्या दाराशी गोल्फची मैदानं. क्रूडन बेला १८९९ साली, टर्नबेरीला १९०६ साली, ग्लेनईगल्सला १९२४ साली. प्रवास, मुक्काम आणि खेळ एकाच पुडीत बांधून विकायची आजची जी रीत आहे, तिचा मोठा कारखाना म्हणजे हा. क्रूडन बेचं हॉटेल दुसऱ्या महायुद्धानंतर पाडून टाकलं, गाडी बंद झाली, मैदान मात्र अजून चालू आहे. हॉटेल पडतं, रूळ उखडतात. वाळूतला खड्डा काही कुणी हलवत नाही.

सेंट अँड्र्यूजचीही रेल्वे १९६९ साली बंद झाली. आता एडिंबरोहून तासाभरात लूकर्सला उतरायचं आणि उरलेलं आठेक किलोमीटर बसनं जायचं. स्टेशनच्या यार्डाच्या जागी १९६८ साली ओल्ड कोर्स हॉटेल झालं. सतराव्या गलीला जाताना खेळाडू पूर्वी रेल्वेच्या कोळशाच्या शेडवरून चेंडू मारायचे, आता तशाच आकाराच्या हॉटेलच्या शेडवरून मारतात. दाजींचा नेम लक्षात घेता त्या हॉटेलात उतरणं मला धोक्याचं वाटलं, आणि दर बघितल्यावर तर फारच धोक्याचं वाटलं. अठराव्या गलीमागे लाल दगडाची एक उंच इमारत आहे. ती १८९५ साली टॉमस हॅमिल्टन नावाच्या गृहस्थानं ग्रँड हॉटेल म्हणून बांधली. क्लबानं आपल्याला सभासद करून घेतलं नाही, म्हणून क्लबाच्या डोक्यावर दिसेल अशी बांधली, अशी आख्यायिका आहे. आता तिथे श्रीमंतांच्या सदनिका आहेत. आमच्यासाठी मी घरगुती गेस्टहाऊस धरलं. ते नाही जमलं तर विद्यापीठाची वसतिगृहं उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुण्यांना खोल्या देतात. विद्यापीठ १४१३ सालचं आहे. दाजींना शेवटी सेंट अँड्र्यूजला शिकल्यासारखं सांगता येईल.

आता तिसरा रकाना. हा ताईचा.

बघण्यासारखं तिथे पुष्कळ आहे. ११५८ साली बांधायला घेतलेलं कॅथीड्रल आहे. ते पुरं होऊन त्याचा समारंभ झाला १३१८ साली. "एकशे साठ वर्षं!" दाजी एकदम उत्साहात आले. "म्हणजे सुधारित अंदाजपत्रकं किती झाली असतील!" १५५९ च्या धर्मक्रांतीत लोकांनी ते उद्ध्वस्त केलं आणि दगड नेऊन घरं बांधली. किल्ल्यात १५४६-४७ च्या वेढ्यातला भुयाराचा खेळ आहे. बाहेरच्यांनी आत शिरायला सुरुंग खणला, आतल्यांनी आवाजाचा कानोसा घेत उलटा सुरुंग खणून त्यांना खडकात गाठलं. अजून वाकून त्यातून जाता येतं. दाजींना तो गोल्फपेक्षाही आवडेल.

कॅथीड्रलच्या आवारात टॉम मॉरिसच्या मुलाची समाधी आहे. तोही टॉम. १८६८ पासून त्यानं ओपन चार वेळा जिंकली. १८७५ साली बाळंतपणात बायको आणि बाळ दोन्ही गेली आणि त्याच वर्षीच्या नाताळात हाही गेला. वय चोवीस. साठ गोल्फ क्लबांनी वर्गणी काढून समाधी उभारली. त्यावर तो काठी घेऊन चेंडूवर वाकलेला आहे. म्हातारा टॉम १९०८ पर्यंत जगला आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं रोज मैदान राखत राहिला. ताईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "ती समाधी लिहून ठेव. मी जाईन."

"पण बाकीचा वेळ?" तिनं पुन्हा विचारलं. तिचा प्रश्न साधा नव्हता. संसारात प्रत्येक बदलीच्या गावी ती दाजींच्या मागोमाग गेली, धरण दाजींचं आणि डासांची वसाहत तिची. निवृत्तीनंतरच्या सहलीतही पुन्हा कुंपणाबाहेर बाकावर बसायचं काय?

तिथल्या बायकांनीही पुष्कळ दिवस बाकं धरली होती. खांद्याच्या वर काठी उचलणं बायकांना शोभत नाही, असा एकोणिसाव्या शतकातल्या सभ्यांचा समज. म्हणून १८६७ साली त्यांच्यासाठी चेंडू नुसता ढकलायचं उंचसखल हिरवळीचं छोटं मैदान झालं. बायकांचा तो क्लब अजून आहे आणि त्या मैदानाचं नाव आहे हिमालय! थोडक्या पौंडांत कुणालाही खेळता येतं, प्रमाणपत्र लागत नाही. पलीकडच्या रॉयल अँड एन्शंट क्लबानं मात्र बायकांना सभासद करायचा ठराव केला तो २०१४ साली. ज्या १८ सप्टेंबरला स्कॉटलंडनं स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान केलं, त्याच दिवशी या ठरावाचा निकाल लागला. देशानं स्वातंत्र्य नाकारलं, क्लबानं बायकांना होकार दिला. स्थापनेनंतर दोनशे साठ वर्षांनी. कॅथीड्रलपेक्षा शंभर वर्षं जास्त लागली, हे दाजींनी हिशोब करून सांगितलं.

पण ताईची खरी सोय सापडली ती गायरानाच्या हक्कात. ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर त्या दिवशी तिथे कुणी, कितीही पौंड मोजले तरी, खेळू शकत नाही. म्हातारा टॉम म्हणायचा म्हणे, की खेळणाऱ्यांना विश्रांती नको असेल, पण गवताला हवी. त्या दिवशी गाव मैदानात येतं. कुत्री फिरवतात, पोरं बागडतात, म्हातारी माणसं वाळूच्या खड्ड्यांशेजारी डबे उघडून बसतात. स्विल्कन ओढ्यावर सातशे वर्षांचा म्हणतात असा चिमुकला दगडी पूल आहे. मोठमोठे खेळाडू निरोप घेताना त्यावर उभं राहून हात हलवतात. मूळचा तो गुरं आणि माणसं पलीकडे न्यायचा. २०२३ साली त्याच्या पायथ्याशी फरशी बसवली, तर जगभरातून एवढी ओरड झाली की ती काढून टाकावी लागली.

आणि रविवारच कशाला? पहिल्या आणि अठराव्या गलीच्या मैदानाला आडवा छेदून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो. त्याचं नाव ग्रॅनी क्लार्क्स विंड. मराठीत क्लार्क आजीचा बोळ. जगज्जेता खेळाडू काठी उगारून उभा असला तरी आजीबाई पिशवी घेऊन पलीकडे गेल्याशिवाय त्यानं मारायचं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या नियमांत तर हेही होतं, की चेंडू वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला तर हलक्या हातानं कपडे खालून ओढून घ्यावेत. ज्या खेळाच्या नियमांत धुणं येतं, तो खेळ साहेबलोकांचा एकट्याचा कसा म्हणायचा?

मी वही ताईपुढे ठेवली. गुरुवारी पोचायचं, शुक्रवारी किल्ला आणि कॅथीड्रल, शनिवारी दुपारी हिमालय, रविवारी ओल्ड कोर्सवर पायी, आणि सोमवार ते शुक्रवार दाजींचं नाव रोज सोडतीत. ताईनं रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे चिठ्ठी लागत नाही?"

"नाही."

"पैसे?"

"नाही."

दाजी चष्मा पुसत म्हणाले, "आणि पाचही दिवस माझा नंबर लागला नाही तर?"

"तर काय अहो," ताई म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चला. माझा नंबर लागलेलाच आहे."